घरचा पीळ

बसायचं कुठे, यावरून सकाळच्या चहालाच ठिणगी पडली.

"मी थोरल्याच्या बाजूला बसणार," आत्या म्हणाली आणि तिने कपबशी अशी ठेवली की बशीतला चहा टेबलावर आला. "आत्ताच सांगून ठेवते. तिथे गेल्यावर तोंडं वाकडी करायची नाहीत कुणी."

धाकटा ब्रेडला लोणी लावत होता. आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. "कुणाच्या बाजूला?"

"थोरल्याच्या. तुझा सख्खा भाऊ. वरच्या मजल्यावर राहतो. ओळखतोस ना?"

"ताई, कुस्ती मुंगीची आहे," धाकट्याने बहिणीला आठवण करून दिली.

"कुस्ती दोघींची असते. एकटी मुंगी कुणाशी खेळणार, खांबाशी?"

धाकट्याची मुलगी मुंगी टेबलाकडे पाठ करून खिडकीशी बसली होती. वजन होईपर्यंत तिला घोटभर पाण्यावर राहायचं होतं. लहानपणी स्वतःच्या दुप्पट वजनाची धुण्याची गाठोडी ओढायची म्हणून हे नाव पडलं होतं आणि आता ते वर्तमानपत्रातसुद्धा छापून यायचं. तिने मान न वळवता सांगितलं, "भांडा तुम्ही. पण तो ब्रेड पलीकडे न्या. वास येतोय."

धाकट्याने ताटली उचलली आणि फडताळावर ठेवली. मग त्यालाही खावंसं वाटेना.

ताई तिकडे बसणार हे त्याला लागलं. भावाभावांत बिनसलं त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. तेवढ्या काळात ताईने कधी एकाची बाजू घेतली नव्हती. दोघांना सारखंच फाडून खायची. मुंगीला थोरल्यानेच घडवलं होतं, यात वाद नव्हता. घराखालच्या त्यांच्या लाँड्रीच्या मागच्या शेडमध्ये त्याची तालीम होती. पोरगी पहिलीत असताना एकदा तिथे गेली आणि मग तिला जेवायला हाका माराव्या लागायच्या. मुलींच्या गटातलं एकेक पदक तिने त्या शेडमधूनच आणलं. मग सरकारी क्रीडा केंद्राने तिला निवडलं. थोरला म्हणाला, माझ्या तालमीतून पाऊल बाहेर टाकलं तर परत आत टाकायचं नाही. मुंगी दोन दिवस रडली. शेवटी तिची आई म्हणाली, "जा." बस्स, एवढंच. आईने जा म्हटल्यावर मुंगी गेली, आणि थोरल्याने जिना चढता उतरता धाकट्याशी बोलणं बंद केलं. भावजयीवरचा राग तो तिच्या आजारपणातही विसरला नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली तेव्हा सगळं उरकेपर्यंत तो बाहेर पायरीवर उभा राहिला. आत आला नाही.

राग काढायला त्याने दुसरी पोरगी तयार केली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची मुलगी. गल्लीत तिला भट्टी म्हणायचे. अंगाने मुंगीएवढीच, पण एकदा तापली की कुणाला ऐकायची नाही. थोरल्याने तिला मुंगीचा एकेक डाव कसा मोडायचा ते शिकवलं. भट्टीने मुंगीला आजवर दोनदा हरवलं होतं, आणि दोन्ही वेळा अशा सहजपणे की बघणाऱ्याला वाटावं दोघी ठरवून खेळल्या.

आज तिसरी गाठ होती, आणि राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम कुस्ती होती. जिंकेल ती जागतिक स्पर्धेच्या संघात. या वजनाला जागा एकच. हरेल तिने पुढच्या वर्षीपर्यंत घरी बसायचं.

जिन्यात बूट वाजले. थोरला दारात आला. गळ्यात शिट्टी, अंगात इस्त्रीचा शर्ट. इस्त्री अर्थात खाली लाँड्रीतच झालेली.

"ताई," तो म्हणाला, "धाकट्याला सांग, टेम्पो दारातून बाजूला घे. मोटरसायकल निघत नाही."

धाकटा हातभर अंतरावर उभा होता. "ताई, दादाला सांग, किल्ली खिळ्याला आहे. घेतली तर चालेल."

"मी काय तारेचा खांब आहे?" आत्या म्हणाली. "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हा. दोघांच्यात एक शिंक आली तरी माझ्यातून जाते."

थोरल्याच्या मागून त्याची बायको, मुंगीची काकू, उतरली. हातात पाण्याची बाटली आणि पिशवी. ती थोरल्याला ओलांडून आत आली आणि धाकट्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"वन्सं तिकडे बसणार ना? मग मी भावोजींच्या बाजूला बसते. दोन्हीकडे सारखी माणसं होतील."

थोरल्याच्या भुवया वर गेल्या. "तू? माझ्या समोर?"

"समोर नाही हो, तिरपी. समोरची तिकिटं महाग होती."

मुंगीला हसू आलं. खिडकीकडे बघत ती खांदे हलवत हसली आणि थोरल्याने ते पाहिलं. क्षणभर तो काहीतरी बोलेल असं धाकट्याला वाटलं. पण तो किल्लीकडे वळला. "कुणी कुठेही बसा. कुस्ती मॅटवर होते, खुर्चीवर नाही."

*

स्टेडियमच्या खालच्या बोळात रबराचा आणि घामाचा वास भरला होता. वजन झालं होतं, खाणंपिणं झालं होतं, उपांत्य फेरीही झाली होती आणि मुंगीने ती फारसा घाम न गाळता जिंकली होती. आता ती भिंतीला टेकून बोटांना पट्टी गुंडाळत होती. क्रीडा केंद्राच्या कोचबाई शेजारी उभ्या राहून बोलत होत्या.

"अंतर ठेव. गळ्यात पडू नकोस. तिला मागे फिरव, दमव. दुसऱ्या फेरीत बघू."

"हो बाई."

"आणि धोबीपछाड नको. ती वाटच बघत असेल."

"हो बाई."

कोचबाई टॉवेल आणायला गेल्या तशी मुंगी बापाकडे वळली. धाकट्याला खाली सोडायचं नव्हतं खरं तर, पण दारावरच्या शिपायाचे गणवेश त्याच्याच लाँड्रीत यायचे.

"बाबा, काकांना माझं सगळं माहीत आहे."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. मी डावा पाय टाकायच्या आधी उजवा खांदा पाडते, हे मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत आहे. गेल्या वेळी ते नुसते 'खांदा' म्हणाले आणि भट्टी माझ्या पायावर येऊन बसली. मी श्वास कधी घेते तेसुद्धा त्यांनीच ठरवलंय." तिने पट्टी दाताने तोडली. "मी आता नवीन काय करू? माझ्याकडे त्यांचं नाही असं काहीच नाहीये."

धाकटा काय सांगणार? त्याला कापडातलं कळत होतं. कुठला डाग कशाने निघतो, कुठलं कापड किती तापवायचं. पोरीच्या अडचणी ऐकून घ्यायचं काम घरात त्याचं नव्हतंच कधी. ते ज्या माणसाचं होतं ते माणूस असतं तर आत्ता काय म्हणालं असतं, ते त्याने आठवायचा प्रयत्न केला आणि त्याला नुसता तिचा चेहरा आठवला.

"नखं कापलीस का?" त्याने विचारलं.

मुंगी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग खो खो हसली. "पंचांनी बघितली, बाबा. जा वर. काकू एकटी असेल."

*

काकू एकटी नव्हती. लाँड्रीतल्या दोन इस्त्रीवाल्या तिच्या मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांनी धाकट्याच्या जागेवर पिशवी ठेवून ती अडवली होती. समोर, मॅटच्या पलीकडे, निळ्या कोपऱ्यात थोरला खुर्चीवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याच्या बरोब्बर मागे तिसऱ्या रांगेत आत्या. तिने केस घट्ट बांधले होते. धुण्याचं काम मोठं असेल त्या दिवशी बांधायची तसे.

"वन्सं बघा कशा बसल्यात," काकू म्हणाली. "न्यायाधीश."

"तिला बसू दे कुठे बसायचं तिथे."

"चिडू नका भावोजी. मी आहे ना तुमच्याकडे. अख्खी वस्तादीण फोडून आणलीत."

लाल पोशाखात मुंगी आली, निळ्यात भट्टी. हात मिळवले. शिट्टी झाली.

पहिली फेरी धाकट्याला बघवली नाही, आणि नजरही काढता आली नाही. मुंगीने अंतर ठेवलं, भट्टीने ते ठेवू दिलं नाही. मुंगी डावीकडे गेली की भट्टी आधीच तिथे. मुंगीने एकदा पटात शिरून पाय धरायला गुडघा वाकवला, तर पलीकडून थोरला "खाली" म्हणाला, ओरडलासुद्धा नाही, आणि भट्टीने पाय मागे टाकून तिची मान दाबली आणि तिच्या पाठीवर गेली. दोन गुण निळ्याला. नंतर मुंगी चिडली. चिडली की ती काय करते ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तिने भट्टीचा हात खांद्यावर ओढला, कंबर आत घातली, धोबीपछाड. लहान गटात या डावावर तिने निम्म्या मुली आपटल्या होत्या, आणि लाँड्रीवाल्याची पोरगी म्हणून लोक त्यावर हसायचे, टाळ्या द्यायचे.

"बस," थोरला म्हणाला.

भट्टी नुसती खाली बसली. जड गाठोडं बसावं तशी. मुंगी तिच्यावरून पुढे गेली आणि भट्टी मागून वर आली. आणखी दोन.

"हे काय चाललंय!" काकू म्हणाली. "यांना घरी येऊ दे, यांचा चहाच बंद करते."

मधल्या विश्रांतीत कोचबाई मुंगीच्या तोंडावर पाणी मारत बोलत होत्या, मुंगी मान हलवत होती आणि तिचे डोळे पलीकडच्या कोपऱ्यावर होते. थोरला भट्टीशी बोलत नव्हताच. त्याला बोलायची गरज नव्हती. तो मुंगीकडे बघत होता. धाकट्याला त्या नजरेत वैर दिसलं नाही, आणि तेच त्याला जास्त टोचलं. सुतार आपणच केलेल्या खुर्चीकडे बघतो तसा तो बघत होता. कुठे कच्ची राहिली ते त्याला पाठ होतं.

दुसऱ्या फेरीत मुंगीने भट्टीला एकदा रेषेबाहेर ढकललं. एक गुण. बस, तेवढाच. नंतर दोघी एकमेकींत अडकल्या. हात हातांत गुंतले, डोकं डोक्याला टेकलं, आणि दोघी ताणू लागल्या. मुंगी एकीकडे पिळत होती, भट्टी दुसरीकडे. खांद्यांपासून मनगटांपर्यंत दोघींचे हात काठीसारखे झाले होते आणि कुणीच हलत नव्हतं. घड्याळ मात्र चाललं होतं. असंच चाललं तर भट्टी गुणांवर जिंकणार, हे मुंगीला माहीत होतं, थोरल्याला माहीत होतं, आता सगळ्या स्टेडियमला माहीत झालं होतं.

पलीकडे तिसऱ्या रांगेत आत्या उभी राहिली.

तिला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. गुण कसे देतात हेसुद्धा ती शेजारच्या माणसाला विचारत होती. पण समोर तिला जे दिसलं ते तिने आयुष्यभर पाहिलं होतं. दोन बायका, मध्ये भरलेला पीळ, आणि कुणाचे तरी हात आता निखळणार.

"सोऽऽड!" ती ओरडली.

आवाज असा की लाँड्रीच्या मागच्या खोलीतून पुढच्या गल्ल्यावर ऐकू जाईल.

आता हे सांगायला हवं. मोठ्या हॉटेलांच्या जाड चादरी आणि रग यंत्रात पिळत नाहीत, शिवण उसवते. ते हातानेच पिळायचे. एक टोक एकीने धरायचं, दुसरं दुसरीने, आणि उलट्या दिशांना पीळ घालत जायचं. पीळ भरला की कापड लाकडासारखं होतं आणि खांदे उखडायला लागतात. तेव्हा एकजण म्हणते, सोड. नवीन बाई असली की ती हातातलं टोक सोडून देते, आणि ओलं कापड उलटून समोरच्या बाईच्या तोंडावर फाडकन बसतं. नवीन बाई ही चूक एकदाच करते. कारण त्या खोलीत सोड म्हणजे सोडायचं नाही. मूठ तशीच घट्ट ठेवायची. अंग सोडायचं. कोपर सैल, कंबर सैल, आणि एक पाऊल समोरच्या बाईच्या अंगावर. मग पीळ आपोआप स्वतःभोवती फिरतो आणि पाणी एका दमात खाली पडतं.

मुंगीच्या आईने ही खोली चालवली होती. पोरगी तालमीतून आली की थेट तिथे जायची आणि दुसरं टोक धरायची. तिची आई गेल्यापासून त्या खोलीत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आता तिथे बायका "हं" म्हणायच्या.

थोरल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो पैलवान. लहानपणापासून त्याचे हात ओले करायचे नाहीत, असा घरचा नियम होता. त्याच्या आईने केला, नंतर बायकोनेही पाळला. त्या खोलीच्या दारात तो कधी उभा राहिला असेल तर "चहा झाला का" विचारायला.

त्याने मागून आपल्या बहिणीचा आवाज ऐकला आणि कुणीही लावेल तोच अर्थ लावला. भाची हरली असं समजून बहीण तिला सांगतेय, सोड आता. आणि त्याच क्षणी त्याला मॅटवर दिसलं की मुंगीचे हात खरोखरच सैल पडले.

खुर्चीवरून उठून, त्या दिवशी पहिल्यांदा, थोरला ओरडला. "सोडतेय ती! ओढ! ओढ तिला!"

भट्टीने सगळ्या अंगाचा जोर लावून ओढलं.

मॅटच्या अलीकडच्या बाजूला धाकट्याच्या मुठी मिटल्या आणि कोपरं सैल झाली. तो आपल्या जागेवरून एक पाऊल पुढे गेला आणि समोरच्या खुर्चीला धडकला. शेजारी काकूचंही पाऊल पुढे पडलं होतं. मागच्या दोघी इस्त्रीवाल्यांचंही. कुणी ठरवलं नव्हतं.

मुंगी भट्टीच्या अंगावर गेली. भट्टी जेवढ्या जोराने ओढत होती तेवढ्याच जोराने गेली, वर स्वतःचं वजन. मूठ सुटली नव्हती. पाय भट्टीच्या टाचेमागे होता. भट्टीला कळेपर्यंत तिची पाठ मॅटवर होती, दोन्ही खांदे खाली, आणि मुंगी वरून छातीने तिला दाबून बसली होती. पंच पोटावर पडून बघत होता. त्याने हात आपटला.

चीतपट. चीतपट झाल्यावर गुणांना कोण विचारतो!

नंतर काय आवाज झाला ते धाकट्याला ऐकू आलं नाही. काकू त्याच्या दंडाला धरून हलवत होती आणि म्हणत होती, "भावोजी! भावोजी! अहो, माझ्या नवऱ्याला हरवलं आपण!"

*

जिंकणारीने हरणारीच्या कोचचा हात हातात घ्यायचा, हा खेळाचा नियम. पंचाने हात वर केल्यावर मुंगी मॅट ओलांडून निळ्या कोपऱ्यात गेली. धाकटा तोवर पायऱ्या उतरून कठड्याशी पोचला होता. आत्या पलीकडून तिथे आली होती आणि धापा टाकत होती.

मुंगीने हात पुढे केला. थोरल्याने तो धरला. दीड वर्षात तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला तो असा:

"हे मी शिकवलेलं नाही."

"नाही, काका."

"त्या बाईंनी?" त्याने कोचबाईंकडे हनुवटी केली.

"नाही. आईने."

हात थोरल्याने सोडला नव्हता. "तुझ्या आईने तालमीत कधी पाऊल टाकलं नाही."

"तुम्ही तरी पिळायच्या खोलीत कुठे आलात?"

आत्याने तोंडावर हात ठेवला. अशा वेळी हसू नये हे तिला कळत होतं, पण जमत नव्हतं.

थोरल्याने खाली बघितलं, मग मुंगीच्या हाताकडे. तो हात त्याने उलटा करून पाहिला. तळव्यावर बोटांच्या मुळाशी घट्टे होते. दहा वर्षं त्याने ते पाहिले होते आणि दोरखंडाचे समजला होता. निम्मे दोरखंडाचे असतीलही.

"ताई," तो म्हणाला, "धाकट्याला सांग..."

"तो काय, समोर उभा आहे. तूच सांग. मी आज ओरडून ओरडून दमले."

थोरल्याने कठड्यापलीकडच्या भावाकडे पाहिलं. "पोरीने कुस्ती मारली रे," तो म्हणाला.

"हो, दादा," धाकटा म्हणाला. एवढे दोन शब्द. पण ते ताईमार्फत गेले नाहीत.

पदकं झाली, फोटो झाले. मग संघाचे व्यवस्थापक आले. जागतिक स्पर्धेआधीच्या शिबिराला निवड झालेल्या प्रत्येकीला सरावासाठी एक जोडीदार नेता येतो. नाव आजच हवं होतं.

"आमच्या केंद्रातली एक चांगली आहे," कोचबाई म्हणाल्या. "सवयीची."

"भट्टी," मुंगी म्हणाली.

भट्टी बाकावर बसून मानेवर बर्फाची पिशवी धरून होती. डोळे लाल. तिने ऐकलं आणि पिशवी खाली केली. "मी कशाला येऊ? तुझ्या बॅगा उचलायला?"

"मला पाडायला. तुझ्याइतकं मला कोणी पाडत नाही."

"आज कुठे पाडलं?"

"आज राहिलं. म्हणूनच म्हणतेय, चल."

भट्टीने वळून थोरल्याकडे बघितलं. आणि मग सगळेच तिकडे बघायला लागले, कारण प्रश्न काय होता ते घरातल्या प्रत्येकाला कळलं होतं. शिबिर त्याच कोचबाईंचं. तालमीतून पाऊल बाहेर टाकायचं, ते पुन्हा. पहिल्या पोरीने टाकलं तेव्हा या माणसाने घर दुभंगलं होतं.

"बघा," काकू हळूच म्हणाली, "दुसरीही निघाली."

थोरल्याने गळ्यातली शिट्टी काढली, हातात घेतली, खिशात टाकली. त्याला वेळ लागला. धाकट्याला त्याच्या मानेची शीर उडताना दिसत होती. पैलवान माणूस, आख्ख्या गावात ताठ मानेने हिंडलेला. त्याचं काय चाललंय ते धाकट्याला समजलं, आणि त्या दीड वर्षात पहिल्यांदा त्याला भावाची कीव नाही, माया आली.

"जा," थोरला म्हणाला. भट्टीकडे बघून म्हणाला, पण थोडंसं मुंगीकडेही. मग लगेच आवाज चढवला, "आणि तिचा उजवा खांदा अजून पडतो. पहिल्या दिवसापासून हाण त्याच्यावर. परदेशातल्या पोरी काय आंधळ्या नसतात."

"काका!"

"ओरडू नकोस. जिंकलीस म्हणून खांदा सरळ झाला नाही."

भट्टी उठली. "मी येते," ती मुंगीला म्हणाली. "पण रोज पाडणार. मग रडायचं नाही."

"बघू कोण रडतं."

*

मोटरसायकल स्टेडियमवरच राहिली, उद्या बघू म्हणून. सगळी माणसं टेम्पोत बसली. टेम्पो आत्या चालवत होती, कारण तिच्याइतकी त्या गियरला कुणाची सवय नव्हती. शेजारी थोरला. मागे, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर टेकून, दोघी पोरी, काकू आणि धाकटा. भट्टी आणि मुंगीने एकच बर्फाची पिशवी आळीपाळीने घेतली होती. काकूने केळी सोलली, मुंगीने एकामागून एक खाल्ली आणि सालं भट्टीच्या मांडीवर ठेवत गेली.

रस्त्यात दुकानं उघडी होती. सिग्नलला कुणीतरी मुंगीला ओळखलं आणि टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली.

धाकट्याच्या मनात आलं, घरी गेल्यावर मुंगीच्या आईला हे सगळं सांगायला किती वेळ लागेल. ती मधेमधे विचारणार, कुणी काय घातलं होतं, ताई नक्की काय म्हणाली. सगळं नीट क्रमाने सांगायला हवं, नाहीतर ती म्हणते तुम्हाला गोष्ट सांगता येत नाही. तो मनात क्रम लावायला लागला. बराच लावून झाला आणि मग त्याला कळलं.

टेम्पो खड्ड्यात आदळला, गठ्ठे हलले. मुंगी त्याच्याकडे बघत होती.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही," तो म्हणाला. आणि मग, त्याचं त्यालाच नवल वाटत, बोलायला लागला. "पहिल्यांदा मुंगी आली, लाल कपड्यात. मग ही आली. हात मिळवले. मुंगीचा चेहरा पांढरा पडला होता, मला लांबून दिसत होतं..."

"अहो भावोजी, आम्ही तिथेच होतो की," काकू म्हणाली.

"सांगू दे त्याला," पुढून आत्या म्हणाली.

त्याने सांगितलं. पहिले दोन गुण कसे गेले, धोबीपछाड कसा फसला, काकू चहा बंद करणार होती ते. इतकं सलग तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. मुंगी बापाकडे तोंड उघडं ठेवून बघत राहिली. केळं तिच्या हातात तसंच होतं. दोघींचे हात गुंतले, कुणी हलेना, घड्याळ चाललंय, ताई उठून उभी राहिली, ओरडली. आणि मग दादा उठला आणि...

इथे तो अडला. पुढच्या सीटवर भावाची पाठ दिसत होती. आपण कुणासमोर काय सांगतोय ते त्याच्या आत्ता लक्षात आलं. तो खाली हातांकडे बघायला लागला.

थोरला सीटवर पूर्ण मागे वळला. एक हात पाठीवर टाकून, लहान पोरगा गोष्ट ऐकायला वळतो तसा.

"मग?" तो म्हणाला. "थांबलास का? मी उठलो, ओरडलो. मग काय झालं, सांग ना."